घर सोडल्याचं कारण

मंगळवारी दुपारी डबा धुऊन ती टेबलाशी येऊन बसली, तेव्हा संगणकाने एक ओळ लाल करून तिच्यापुढे टाकली. घर क्रमांक पाचशे बारा. मुलगी, वय सात. पहिल्या फेरीत घरात होती, दुसऱ्या फेरीत नाही. घर सोडल्याचं कारण : कोड दोन. कोड दोन म्हणजे लग्न. अशा लाल ओळी दिवसाला तीस-चाळीस येत, आणि त्या निस्तरणं हे कामातलं सर्वांत कंटाळवाणं, पण अधूनमधून हसवणारं काम होतं. सकाळपासून तिने एकशे त्र्याऐंशी वर्षांच्या एका शिंप्याला अडतीस वर्षांचा केला होता, आणि आपल्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असलेल्या एका मुलाला त्याच्या जागी परत बसवला होता. "ही बघ, सात वर्षांची नवरी," ती शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या मुलीला म्हणाली. चष्मेवाली हसली, म्हणाली, "सासूचं नशीब, घडवायला मिळाली," आणि पुन्हा आपल्या पडद्याकडे वळली. अशा वेळी मूळ कागदाची छबी उघडून काय लिहिलंय ते बघायचं, आणि कोड दुरुस्त करून पुढे जायचं, एवढंच. तिने छबी उघडली.

ती संख्याशास्त्रज्ञ होती. बावीस वर्षं या संस्थेत होती आणि त्यातली शेवटची दोन या एकाच अभ्यासात गेली होती : घरं गरीब का राहतात, आणि त्यातली काही वर कशी येतात. चाळीस वर्षांपूर्वी कुणी तरी अकराशे घरांची पाहणी केली होती, मग दीड वर्षाने त्याच घरांची पुन्हा केली होती, आणि मग पैसे संपले म्हणून सगळे कागद गोदामात गेले होते. आता ते कागद बाहेर काढून, त्यांवरची नावं काळ्या पट्ट्यांनी झाकून, संगणकात भरले जात होते. नव्याने आलेल्या लोकांना ती समजावून सांगे, मॉडेल म्हणजे जादू नव्हे. अकराशे घरांत कर्त्याचं शिक्षण, कामाचा पक्केपणा, आजारपण, जागा, खाणारी तोंडं असं सगळं वेगवेगळं असतं. बाकी सगळं सारखं धरून त्यातली एकच गोष्ट हलवली तर घर दारिद्र्यरेषेच्या वर येण्याची शक्यता किती हलते, ते पाहायचं. बाकी सगळं सारखं धरून. हे शब्द तिला मनापासून आवडत. इतक्या वर्षांत ते म्हणताना तिला कधीच अडखळायला झालं नव्हतं. 'कारण' हा शब्द मात्र त्यांच्याकडे जपून वापरायचा अशी शिस्त होती. संबंध आढळतो म्हणायचं, कल दिसतो म्हणायचं. कारण म्हटलं की साहेब पेन्सिलीने खाली रेघ मारत. आतापर्यंत सगळ्यांत ठळक संबंध आढळला होता तो माणसांच्या संख्येशी. दोन फेऱ्यांच्या मधे ज्या घरातलं एक माणूस कमी झालं, ते घर वर येण्याची शक्यता जवळजवळ दीडपट होत होती. हा आकडा तिला गेल्या महिन्यात मिळाला होता. तो इतका स्वच्छ होता, कुठूनही तपासला तरी इतका जागचा हलत नव्हता, की त्या दिवशी घरी जाताना तिने स्वतःसाठी फुलं घेतली होती.

कागदावर निळ्या शाईतलं गोल, शाळकरी अक्षर होतं. 'घर सोडल्याचं कारण' या रकान्यात दोन शब्द होते : मुलगी दिली. पुढे पूर्णविराम. कोड घालणाऱ्याची चूक तरी कशी म्हणायची? मुलगी दिली म्हणजे या भाषेत दुसरं काय होतं. तिने कोडाच्या चौकटीवर बाण नेला, आणि सवयीने शेजारी उघडलेल्या पहिल्या फेरीच्या कागदावरून नजर फिरवली. कर्ता : पुस्तकबांधणी, तुकड्यावर. कर्त्याची पत्नी : घरी खळ लावण्याचं काम. मुलं : दहा, सात, पाच. घर : पिठाच्या गिरणीमागे, वरचा मजला, एक खोली, जिना बाहेरून. खिडक्या : एक. नंतर जनावरांचा रकाना आला. गाय, शेळी, कोंबडी यांच्यापुढे फुल्या होत्या आणि 'इतर' पुढे त्याच गोल अक्षरात लिहिलं होतं : कासव, एक. तिने घड्याळ पाहिलं. दोन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. वेळ पाहून आपल्याला काय करायचं होतं ते तिला कळेना. तोंडात नाणं चघळल्यासारखी चव आली होती. पंखा फिरत होता. चष्मेवाली कुणाला तरी फोनवर म्हणत होती की नाही गं, पिवळा नको, पिवळ्यात मी आजारी दिसते.

ते कासव दादाने नाल्यातून आणलं होतं, की ते आपणहून जिना चढून आलं होतं, यावर त्यांच्या घरात कायम वाद असे. कासवाला जिना चढता येत नाही, असं बाबा म्हणत. आलंय तर खरं, असं आई म्हणे. खळीच्या भांड्यामागे ते बसून राही. खळीचा आंबूस वास, बाहेरच्या गिरणीची थरथर, जमिनीवर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर त्या थरथरीने उठणारी वर्तुळं, आणि रात्री एका लांब उशीवर तीन डोकी : मधे ती, एकीकडे दादा, दुसरीकडे धाकटा, ज्याच्या केसांतून नेहमी ओल्या कागदाचा वास यायचा. एवढंच तिला आठवत होतं आणि तेही नीटसं नाही. नंतरचं मात्र सगळं लख्ख होतं. मावशीचं घर दुसऱ्या गावात, बसने तीन तास. काकांचं औषधांचं दुकान, मागे राहायच्या खोल्या, कपाटात ओळीने लावलेल्या निळ्या बाटल्या. मावशीला मूल नव्हतं. मावशी वाईट नव्हती, उलट इतकी सांभाळून असे, की कुणाची तरी महागाची वस्तू वापरायला आणावी तशी तिला वापरत असे. पहिल्या रात्री तिला वेगळी खोली, वेगळी खाट मिळाली, आणि ती पहाटेपर्यंत छताकडे बघत पडून राहिली, कारण दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. तिथेच ती शिकली, दहावी झाली, शिष्यवृत्ती मिळाली, मग मोठ्या शहरात आली. 'माझी हुशारी बघून आईवडिलांनी मला शिकायला मावशीकडे ठेवलं' हे वाक्य तिने नोकरीच्या मुलाखतीत म्हटलं होतं, ज्याच्याशी चार वर्षं लग्न टिकलं त्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि एकदा संस्थेच्या वार्षिक अंकात तिचा परिचय छापून आला तेव्हा त्यातही ते होतं. ते वाक्य घासून घासून गुळगुळीत झालं होतं. त्यात हाताला लागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिने दुसऱ्या फेरीचा पूर्ण कागद वाचला. दुसऱ्या फेरीत कर्ता महिन्याच्या पगारावर छापखान्यात होता. एक टेबलपंखा आला होता. मुलांना दूध मिळतं का : कधी कधी. पहिल्या फेरीत याच प्रश्नापुढे 'नाही' होतं. घरात माणसं : चार. शेवटी, संगणकाने काढलेल्या रकान्यात : रेषेच्या वर. त्या फुलांच्या दिवशी ज्या घरांनी मिळून तिचा तो स्वच्छ आकडा उभा केला होता, त्यांतलं एक घर पाचशे बारा होतं. आणि त्यातलं वजा एक ती होती. हे तिने मनात असं, शब्दांत, म्हणून पाहिलं, आणि काही वाटतंय का याची वाट पाहिली. जीभ दुखऱ्या दातावरून फिरवावी तसं. विशेष काही वाटलं नाही. चार वाजता ती साहेबांच्या खोलीत गेली.

"पाचशे बारामध्ये सात वर्षांच्या मुलीला लग्न लावून घालवलंय. कोड पाच करते, इतर."

"करा की," साहेब म्हणाले. त्यांचं डोकं अहवाल जाहीर करायच्या तारखेत होतं. "एका ओळीने काय आभाळ कोसळणार आहे? पंधरा तारखेला मसुदा हवाय, मॅडम."

तिने कोड बदलला नाही. बुधवारपासून मात्र तिने एक वेगळंच काम सुरू केलं, जे कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही फेऱ्यांच्या मधे ज्या घरांतून बारा वर्षांच्या आतलं मूल कमी झालं होतं, ती सगळी घरं तिने वेगळी काढली आणि एकेका कागदाची छबी उघडून रकान्यातले मूळ शब्द वाचले. संगणकाला ते शब्द माहीतच नव्हते. त्याच्याकडे एक ते पाच आकडे होते. कागदावर मात्र माणसं बोलत होती. मुलगी दिली. मुलगी ठेवली. मुलगा मामाकडे असतो. दुकानावर बसवला. धन्याच्या घरी राहते, जेवूनखाऊन. आत्याला सोबत म्हणून. सध्या नाही. एके ठिकाणी नुसतंच : येईल. वाचताना तिला कुणाचे चेहरे दिसत नव्हते. ती शब्दांच्या याद्या करत होती आणि कोणत्या शब्दाला मागच्या कोड घालणाऱ्याने कोणता आकडा दिला ते बाजूला लिहीत होती. 'ठेवली' ला कधी शिक्षण, कधी काम. 'दिली' ला सरसकट लग्न. 'येईल' ला इतर. शुक्रवारी संध्याकाळी तिच्याकडे आकडा तयार झाला. जी घरं रेषेच्या वर आली होती, त्यातल्या दर नवव्या घरातून एक मूल बाहेर गेलं होतं. घर वर आलं होतं. मूल कुठे गेलं ते कुणी विचारलेलं नव्हतं, कारण अभ्यास घराचा होता, आणि घर म्हणजे काय याची व्याख्या पहिल्याच पानावर छापलेली होती : एका चुलीवर शिजलेलं जेवणारी माणसं.

रविवारी ती दादाकडे गेली. आई दादाकडेच राहत असे. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती, धाकटा दुसऱ्या देशात होता आणि वर्षातून दोनदा फोन करून सगळ्यांची तब्येत विचारत होता. दादाचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. छापखाना बंद पडल्यापासून तो एका इमारतीच्या फाटकावर रखवालदारी करत होता. वहिनी, मुलगा, गेल्या वर्षी आलेली सून, कॉलेजातली मुलगी आणि आई, दादा धरून सहा माणसं. ती दारातून आत शिरली आणि चपला ठेवायला जागा शोधताना तिच्या डोक्याने आपोआप दर खोलीमागे माणसं तीन असं लिहून टाकलं. वहिनीने चहा ठेवला. सून भिंतीला टेकून बसली होती, एक हात पोटावर. सहा महिने झाले होते. आई आतल्या खोलीत खिडकीशी बसून नातवाच्या सदऱ्याला बटण लावत होती. तिला सुईत दोरा आता ओवता येत नसे, म्हणून वहिनी सकाळीच चार सुया ओवून उशीला टोचून ठेवी.

इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "आई, गिरणीमागच्या घरात एक बाई यायची ना? कागद घेऊन, प्रश्न विचारायला?"

"हिरव्या छत्रीची," आई लगेच म्हणाली. "दोनदा आली. पायांत पुरुषी बूट. चांगली होती बिचारी, पण घाईची. कासवसुद्धा लिहून घेतलंन तिने. मी म्हटलं, अहो, ते आमचं नाही, आपणहून आलंय. तर म्हणते, खातं ना तुमच्याकडे? मग तुमचंच." आई हसली. "तुला कुठून आठवली ती?"

"तिचे कागद आमच्याकडे आलेत. ऑफिसात."

आईने सुई थांबवली, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सुई चालू केली. "इतके दिवस जपले होते कुणी? बाई गं."

"दुसऱ्यांदा आली तेव्हा मी मावशीकडे होते. माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"तिनेच विचारलं, पाचाची चार कशी झाली. म्हटलं, मुलगी दिली."

"दिली म्हणालीस?"

"मग काय म्हणायला हवं होतं? ठेवलीय म्हटलं तर विचारणार कशासाठी. पाठवलीय म्हटलं तर विचारणार कधीपर्यंत. आणि मी पुढे सांगणारच होते. वर्षभरासाठी दिलीय, दिवस पालटले की आणणार आहोत, असं सांगणार होते. तर तिने पान उलटलं. म्हणाली, पाणी कुठून आणता? मग नळ किती लांब, किती हंडे, त्यातच गेलं सगळं."

बाहेरच्या खोलीत कुणी तरी टीव्ही लावला आणि लगेच बारीक केला. तिने विचारलं, "खरंच आणणार होतात?"

आईने दोरा दातांनी तोडला. बटण ओढून पाहिलं. "सांगणार तर होते," ती म्हणाली.

दुसरी सुई घेऊन आईने कॉलर उलटी केली. तिला वाटलं, आता उठावं, इथपर्यंत पुरे. पण बावीस वर्षांची सवय अशी की एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की त्याच्या खालचा प्रश्न आपोआप पुढे येतो. "मला हुशार म्हणून पाठवलंत ना?"

"हुशार?" आईला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "सात वर्षांच्या पोराचं काय कळतंय हुशार की मठ्ठ? पाढे दादाला यायचे. तुला तर शाळेत जायचा कंटाळा. नाही गं. मावशीला धाकटा हवा होता. मुलगा म्हणून. ती न्यायलाच आली होती त्याला, कपडेसुद्धा त्याच्या मापाचे घेऊन. तर त्याने माझा पदर धरला आणि असा आक्रोश केला, की खालचे गिरणीवाले वर आले बघायला. तुझे बाबा बाहेर जिन्यात जाऊन बसले. मावशी पण रडायला लागली. आणि तू त्या सगळ्यात उभी राहून विचारलंस, मावशी, तिकडे मला वेगळी उशी मिळेल का?" आईने हात मांडीवर ठेवले. "तशी सगळी गप्प झाली. मावशी म्हणाली, मिळेल की. मग तूच गेलीस. धाकट्याच्या सदऱ्यांतले दोन तुला बसले."

तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. आईच्या चेहऱ्यावर बनवाबनवी दिसते का ते तिने पाहिलं, पण आई नुसती आठवत होती, आणि आठवताना तिला थोडी मजाही वाटत होती. उशीचं तर तिला पटतच होतं. उशी पाहून घर सोडणारी मुलगी तिला अनोळखी नव्हती; नवऱ्याच्या घरातून निघतानाही ती अशीच, कुणाचा आवाज न चढता, टेबलावर किल्ली ठेवून निघाली होती, आणि तो म्हणाला होता, तुला निघायला काहीच लागत नाही. तेव्हा ते तिला अन्यायाचं वाटलं होतं.

"आणि मग परत का नाही आणलं?"

"पहिली आलीस ना तू तिथल्या शाळेत. मावशीचं पत्र आलं. ते पत्र तुझे बाबा आठ दिवस खिशात घालून फिरत होते, छापखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. एवढं झाल्यावर कोणत्या तोंडाने परत मागायचं? मावशीने शिकवली, मावशीचीच झाली." आईने सदऱ्याची घडी घातली. "सुटीत तू यायचीसच की. पण पाहुण्यासारखी बसायचीस. पाणीसुद्धा विचारून प्यायचीस."

म्हणजे हुशार म्हणून पाठवलं नव्हतं. पाठवलं म्हणून हुशार झाली होती, किंवा तेही नाही, रडली नाही म्हणून पाठवलं होतं, किंवा धाकटा रडला म्हणून. अकराशे घरांच्या कागदांवर असा रकाना नव्हता. तो ठेवला असता तरी हिरव्या छत्रीच्या बाईने त्यात काय लिहिलं असतं? कोण रडलं : एक. तिला एकदम हसू आलं आणि आईने विचारलं, काय झालं, तर ती म्हणाली, काही नाही, चहा घेते अजून थोडा.

निघताना दादा खाली सोडायला आला. तो नेहमी फाटकापर्यंत येई आणि 'बरंय मग' म्हणून वळे. आज वळला नाही. रस्त्याच्या कडेला लावलेल्या एका स्कूटरच्या सीटवरची धूळ तो बोटाने पुसत राहिला. "सुनेचं तुला दिसलंच," तो म्हणाला. "तीन महिन्यांत घरात पाळणा येईल. पोरगी परीक्षेला बसलीय, तिला रात्री दिवा लागतो, आईला दिव्यात झोप येत नाही. कुणाचं काही चुकत नाही गं. पण होत नाही." त्याला काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं, पण तिने त्याला ते म्हणू दिलं. "तू थोडे दिवस आईला नेशील का? महिना, दोन महिने. पुढचं पुढे बघू. तुला एकटीला तीन खोल्या आहेत." शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निसटलं असावं, कारण लगेच तो म्हणाला, "म्हणजे तसं नाही."

"तसंच आहे," ती म्हणाली. "आईला विचारलंस?"

"कसं विचारू? तूच विचार ना."

तो एकावन्न वर्षांचा होता, आणि पाढे म्हणणाऱ्या मुलाचं त्याच्यात आता काही दिसत नव्हतं. रखवालदाराच्या गणवेशातली पँट आणि वर घरचा सदरा. घरात राहिलेला तो. दूध कधी कधी मिळालेला, छापखान्यात बाबांच्या शेजारी उभा राहिलेला, बाबांना दवाखान्यात नेणारा-आणणारा. बाकी सगळं सारखं धरून, एकाला ठेवलं आणि एकीला दिलं, तर काय होतं? तिला वाटलं, हा प्रश्न आपण कुठल्याही सभेत विचारू शकू, आणि या माणसाला मात्र नाही. ती परत चार मजले चढून वर गेली. आई तिथेच होती.

"माझ्याकडे येतेस?"

"दादाने सांगितलं का?"

"हो."

"बरं झालं बाई. आठ दिवस झाले, पाणी पितानासुद्धा माझ्याकडे बघतोय आणि बोलत काही नाही. मला वाटलं, यालाच काही दुखतंय की काय." आई उठायला लागली, गुडघा धरून पुन्हा बसली. "शनिवारी ये न्यायला. तोवर मी शेजारणीला सांगून ठेवते, लेकीकडे चाललेय म्हणून. नाहीतर ही मंडळी सांगत सुटतील, आजी गेली, आणि लोक रडायला येतील."

सोमवारी तिने साहेबांना दर नवव्या घराचा आकडा दाखवला. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, तक्ता दोनदा वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते. चांगला आकडा समोर आला की त्यांना तो कळत असे, आणि कळला की त्यांना त्रास होत असे. "हे खरं आहे," ते म्हणाले. "पण याचं आपण करायचं काय? आपलं म्हणणं काय होणार, पोरं वाटून टाका, गरिबी हटेल?"

"आत्ताही आपलं म्हणणं तेच होतंय. फक्त आपण त्याला सदस्यसंख्या म्हणतोय."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "गेलेल्या पोरांचा माग काढायला पैसे कुठून आणायचे? आपण घरं मोजतो, मॅडम. माणसं नाही."

"मग निदान तेवढं तरी लिहू या. घरं वर आली एवढंच आम्हांला माहीत आहे, घरातून गेलेली माणसं वर आली की खाली गेली ते माहीत नाही."

शेवटी परिशिष्टात दोन पानं मिळाली, आणि प्रास्ताविकात एक वाक्य. त्या वाक्याखाली साहेबांनी पेन्सिलीने रेघ मारली, मग खोडरबराने पुसली. पाचशे बारा हे घर आपलं आहे, हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नियमाप्रमाणे ते घर अभ्यासातून काढावं लागलं असतं. आणि तिला ते काढायचं नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. दुपारी तिने पाचशे बारा उघडलं. कोड चार म्हणजे शिक्षण, कोड पाच म्हणजे इतर. स्वतःच्या हिशेबात एकेचाळीस वर्षं ती चारमध्ये राहिली होती. तिने पाच टाकला. पाच टाकल्यावर शेजारी एक रिकामी चौकट उघडते; तिथे उत्तर देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे असा नियम आहे. तिने लिहिलं, दिली. मॉडेल पुन्हा चालवलं. दशांशाच्या चौथ्या अंकापर्यंत काहीही हललं नाही. चष्मेवाली म्हणाली, "अजून बसलीय का ती नवरी?" ती म्हणाली, "नाही, मोडलं लग्न."

शनिवारी टॅक्सीत आईने सगळा वेळ दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचल्या. तिला इतकं वाचता येतं हे तिच्या मुलीला माहीत नव्हतं. बाबांनी बांधायला आणलेली पुस्तकं मी शिवता शिवता वाचायचे, आई म्हणाली, पण मधली मधली पानं, क्रमाने नाही, त्यामुळे कुठल्याच गोष्टीचा शेवट मला माहीत नाही. घरी आल्यावर आई तिन्ही खोल्यांतून सावकाश फिरली, भिंतींना हात लावत. एकीत पलंग होता, दुसरीत पुस्तकं होती, तिसरीत टेबल आणि खिडकीशी एकच खुर्ची. "पाहुणे आले की बसतात कुठे?" आईने विचारलं. पाहुणे येत नाहीत, असं तिने सांगितलं. आईने मान हलवली आणि खुर्चीत बसली. आणि ती त्या खोलीत पहिल्यांदाच, आपण कुठे बसावं हे न कळून, उभी राहिली. मग पुस्तकांच्या एका खोक्यावर बसली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "पोचली का गं आई? जिना चढवला ना तिला? गोळ्या वहिनीने पिशवीत टाकल्यात, बघ." मागे त्याच्या घरातला आवाज ऐकू येत होता. टीव्ही मोठा लावलेला होता. काही तरी सरकवल्याचा, मग खाटेचे पाय जमिनीवर घासल्याचा आवाज आला, आणि वहिनी कशाला तरी मोकळं हसली. कॉलेजातली मुलगी ओरडून म्हणाली, दिवा माझ्या बाजूला. "पोरीला अभ्यासाला कोपरा झाला बघ," दादा म्हणाला. त्याचा आवाज हलका होता, कित्येक वर्षांत ऐकला नव्हता इतका. दोघंही फोन धरून, टीव्हीतल्या जाहिरातीचं गाणं संपेपर्यंत, ऐकत राहिली. "बरंय मग," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. आई खुर्चीतून तिच्याकडे बघत होती. बाहेरचा उजेड गेला होता पण दिवा अजून लावला नव्हता, आणि आईचे फक्त हात दिसत होते, मांडीवर एकावर एक ठेवलेले.

"काय म्हणत होता?"

ती खोकं खुर्चीच्या थोडं जवळ सरकवून बसली.

"विचारत होता," ती म्हणाली, "आईला परत कधी पाठवतेस."

आईने मांडीवरचे हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. मग पाठ टेकून नीट बसली.

"सांग त्याला," ती म्हणाली, "लगेच नाही जमायचं."